पासिंगचा दिवस आणि उरलेला हंगाम

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यात वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॉल्यांची गर्दी होते. केज तालुक्यातले युसूफ वडगाव हे ऊसतोड कामगारांच्या पट्ट्यातले गाव. दिवाळीच्या आगेमागे या भागातली कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाने उचल घेतलेली असते, टोळी ठरलेली असते आणि ट्रॅक्टरमालकाला चार-पाच महिन्यांच्या हंगामात वर्षभराचे हप्ते वसूल करायचे असतात. एका खेपेत जितका जास्त ऊस जाईल तितके बरे, हा हिशेब त्याला कुणी शिकवावा लागत नाही. मग फाळक्यांवर आणखी पत्रा चढतो, बाजूचे उभे अँगल उंच होतात, खाली जुन्या ट्रकचा ॲक्सल येतो, मागे दुसऱ्या ट्रॉलीसाठी हूक लागतो. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर स्पीकर बसतात आणि पुढे पांढऱ्या प्रकाशाचे एलईडी दिवे. हे सगळे काम गावातच होते, उधारीवरही होते, आणि करणारा कारागीर हाताने पक्का असतो. त्याचे वेल्डिंग सहसा निखळत नाही. अडचण निराळ्याच ठिकाणी आहे.

ती समजून घ्यायची तर अंबाजोगाईच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, म्हणजे ‘एमएच-४४’ च्या दारात जावे लागते. पासिंगला आलेल्या गाडीपाशी मोटार वाहन निरीक्षक आधी दिवे पाहत नाही, ब्रेकही पाहत नाही. तो चेसी नंबर पाहतो. लोखंडावर कोरलेल्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिल घासली की कागदावर ठसा उमटतो, आणि तो नोंदणीशी जुळवला जातो. मग इंजिन नंबर, वाहनाचा प्रकार, बॉडीचा प्रकार, आसनक्षमता, रिकामे वजन, भरलेले वजन, इंधन, रंग. गाडी किती सुबक दिसते याच्याशी तपासणीला देणेघेणे नसते. आरसीवर लिहिलेली गाडी आणि समोर उभी असलेली गाडी एकच आहे का, हा पहिला प्रश्न. फेरफार केलेल्या पुष्कळ गाड्या इथेच अडकतात, ब्रेक तपासायची वेळ येण्याआधीच.

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ या बाबतीत स्पष्ट आहे. निर्मात्याने मुळात दिलेला आणि नोंदणी प्रमाणपत्रात आलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जो बदल कायद्यात बसतो त्यालाही नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि तो केल्यावर १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. केरळमधल्या एका प्रकरणात हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने सैल अर्थ लावला होता. ९ जानेवारी २०१९ रोजी न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि विनीत सरन यांच्या खंडपीठाने तो बाजूला सारला आणि निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल चालणार नाही, असे सांगितले. रंग बदलणे किंवा किरकोळ सामान बसवणे वेगळे आणि गाडीचा सांगाडाच बदलणे वेगळे, हा फरकही त्या निकालात आहे.

कायदा इतका ताठर का, असे गावातल्या कुठल्याही मेकॅनिकला वाटेल, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याने लावलेला अँगल कंपनीच्या अँगलपेक्षा जाड असतो. मग बिघडते काय?

गाडी बाजारात येण्याआधी तिच्या नमुन्याची चाचणी होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ मध्ये या चाचणी संस्थांची नावे आहेत. त्यांतल्या काही आपल्या अंगणातच आहेत. पुण्याची एआरएआय १९६६ पासून हे काम करते. पुण्यातच सीआयआरटी आहे. लष्करी वाहनांसाठी उभी राहिलेली व्हीआरडीई बीडच्या शेजारच्या अहिल्यानगरमध्ये आहे. ट्रॅक्टरची परीक्षा मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या संस्थेत होते. तिथे ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर, आवाज हे सगळे ठरावीक वजन आणि ठरावीक मापे धरून तपासले जाते. म्हणजे ब्रेक चांगले आहेत, याचा अर्थ अमुक वजनाला चांगले आहेत. टायर पुरेसा आहे, म्हणजे अमुक भाराला पुरेसा आहे. वजन बदलले की ते प्रमाणपत्र त्या गाडीचे उरत नाही. जाड अँगलने ट्रॉली मजबूत होते, पण त्या मजबुतीमुळे ब्रेक वाढत नाहीत.

साधा हिशेब करून पाहावा. दोन फूट उंचीचे फाळके तीन फुटांचे केले की हौद्यात मावणारी वाळू किंवा खडी दीडपट होते. वेग तोच ठेवला तरी थांबवायची ऊर्जा एकूण वजनाच्या प्रमाणात वाढते. गाडी थांबवणारे ब्रेक मात्र ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना असतात तेवढेच, कारण गावाकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतातच. उताराला ट्रॅक्टरने ब्रेक दाबला की मागची ट्रॉली पुढे रेटत राहते आणि हुकापाशी कोन करून ट्रॅक्टरलाच आडवे ढकलते. मागे दुसरी ट्रॉली असेल तर हा रेटा आणखी वाढतो. उंची वाढल्याने भाराचा मध्य वर सरकतो तो वेगळाच. खिंडीतल्या वळणावर किंवा साइडपट्टी सोडताना एक चाक खाली उतरले की पलटी व्हायला फार काही लागत नाही. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉली उलटल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि उसावर बसून निघालेली माणसे त्यात दबतात. ही माणसे बहुतेक वेळा बीडचीच असतात.

याच्या जोडीला आणखी एक गुंता आहे. शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर बिगर-वाहतूक वाहन मानला जातो. त्याची नोंदणी १५ वर्षांची, आणि मुदत संपली की पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. वाहतूक वाहनाचे तसे नाही. नव्या गाडीला पहिली दोन वर्षे, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. म्हणजे स्वतःच्या रानातले खत वाहणारा ट्रॅक्टर आणि भाड्याने कारखान्याचा ऊस ओढणारा ट्रॅक्टर दिसायला सारखेच, पण कामाने वेगळे. ज्या वाहनावर सर्वांत जास्त भार पडतो तेच शेतीच्या कागदावर धावल्याने वर्षानुवर्षे तपासणीच्या खड्ड्यावर येत नाही. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते, तिला स्वतःचा नंबर असतो, हेही अनेकांच्या गावी नसते.

दिव्यांचे प्रकरण जास्त फसवे आहे, कारण तिथे मालकाला आपण सुरक्षितता वाढवली असेच वाटत असते. अंधारात चांगले दिसावे म्हणून मूळ हॅलोजन बल्ब काढून त्याच खोबणीत एलईडी बसवला जातो. हेडलाइटमधला आरसा मात्र हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेला असतो. तार नेमकी कुठे पेटते, त्या जागेवरून आरशाचा प्रत्येक बाक ठरतो. एलईडीचा उजेड काही मिलिमीटर इकडून-तिकडून निघाला की डीपरची वरची कड फुटते आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तपासणी केंद्रात हेडलाइट टेस्टरच्या भिंगापुढे गाडी उभी केली की हे लगेच दिसते. चांगल्या दिव्याची कड रेघ मारल्यासारखी सरळ असते, आणि बदललेल्या दिव्याची वर सांडलेली. त्यामुळे दिवा मूळ बल्बपेक्षा प्रखर असूनही गाडी नापास होते.

टायरचेही असेच. मोठा टायर घातला की गाडी उंच आणि रुबाबदार दिसते. पण टायरचा व्यास ५ टक्क्यांनी वाढला तर काटा ८० वर असताना गाडी प्रत्यक्षात ८४ च्या वेगाने जात असते. रोलरवर स्पीडोमीटर तपासला की हा फरक उघडा पडतो. मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक सक्तीचा आहे. त्याची वायर काढून ठेवणे हाही फेरफारच.

जीप आणि एसयूव्हीच्या पुढे लावलेल्या लोखंडी बंपर-गार्डवर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. धडकेचा जोर शोषून घ्यायला गाडीचा पुढचा भाग चेपला जाणे अपेक्षित असते. गार्डमुळे तो नीट चेपला जात नाही, एअरबॅगचा सेन्सर चुकू शकतो, आणि समोर पायी माणूस असेल तर सगळा मार त्याच्या अंगावर येतो. काचांना पुढे-मागे ७० आणि बाजूला ५० टक्के प्रकाश आरपार जाऊ देण्याची अट आहे. बुलेटचा फटाके फोडणारा सायलेन्सर तर महाराष्ट्रात इतका बोकाळला, की अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सरांचे ढीग रस्त्यावर मांडून त्यांवर रोलर फिरवला. आवाज आणि धुराचे निकष मोडल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्सही तीन महिने निलंबित, अशी तरतूद आहे.

आता मूळ दुखण्याकडे यावे. हे सगळे बदल असूनही गाड्या पास होतात कशा? उत्तर प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक आहे. पासिंगच्या आदल्या दिवशी वाढीव फाळके नटबोल्ट सैल करून उतरवले जातात. जुना सायलेन्सर, जुने बल्ब, प्रेशर हॉर्नच्या जागी साधा हॉर्न, मित्राकडून आणलेली चांगली टायरची जोडी, नवे रेडियम असे सगळे त्या एका दिवसापुरते चढते. फिटनेसचा कागद हातात आला की संध्याकाळपर्यंत गाडी पुन्हा पहिल्यासारखी. त्या कागदावर वर्ष-दोन वर्षांची मुदत असते, आणि ती मुदत एका अशा गाडीला मिळालेली असते जी फक्त एक दिवस अस्तित्वात होती. ही लबाडी दंडाच्या भीतीने होते हे खरे, पण तिची किंमत दंडात मोजता येत नाही.

तपासणी करणारी बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि राज्यात अनेक ठिकाणी गाडी न चालवताच फिटनेस दिला जातो, हे उघड झाले. न्यायालयाने २०१६ मध्ये आदेश दिला, की ब्रेकची चाचणी २५० मीटरच्या चाचणी मार्गावर प्रत्यक्ष गाडी चालवूनच झाली पाहिजे. जागेअभावी कित्येक कार्यालयांची त्यात तारांबळ उडाली. गाडीला वेग घ्यायला, मग थांबायला जागा लागते इतकी साधी गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली, हे आपल्या यंत्रणेला शोभणारे नाही.

पुढची पायरी यंत्राची. नाशिकमध्ये यंत्राधारित तपासणीचे केंद्र दहा वर्षांपूर्वीच उभे राहिले. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम आणले, आणि सक्तीच्या तारखा पुढे-पुढे जात असल्या तरी दिशा ठरली आहे. इथे गाडी रोलरवर चढते, प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगवेगळा मोजला जातो, डावे-उजवे चाक सारखे धरते का ते पाहिले जाते. धूर, दिवा, सस्पेन्शन, स्टिअरिंगचा सैलपणा सगळे आकड्यांत येते आणि खड्ड्यात उतरलेला माणूस खालून चेसी पाहतो. चेसीवर नवे वेल्डिंग आहे का, स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जादा पाटा घातला आहे का, हे तिथूनच कळते. यंत्राला ओळख सांगता येत नाही, ही त्याची मोठी सोय. पण एक दिवसापुरती सजवलेली गाडी यंत्रालाही फसवू शकते, कारण तेही त्या दिवसाचीच गाडी मोजते.

फेरफाराची सर्वांत भयानक परिणती बसमध्ये दिसते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी राजस्थानात जैसलमेरहून जोधपूरला निघालेल्या खासगी बसला आग लागली आणि २० हून अधिक माणसे गेली. साधी म्हणून नोंदलेली ती बस नंतर वातानुकूलित करून घेतली होती, अशी माहिती पुढे आली. केज, अंबाजोगाई, परळीहून रोज रात्री पुण्या-मुंबईकडे ट्रॅव्हल्स निघतात. त्यांत बसणाऱ्याने एवढे तरी पाहावे: संकटकालीन दरवाजापुढे आसन किंवा बर्थ बसवलेला नाही ना, काच फोडायचा हातोडा जागेवर आहे ना. वातानुकूलन बसवायचे म्हणजे नवी वायरिंग, विजेची जादा ओढ, बंद काचा आणि आत जास्त फोम-रेक्झिन. यांतला प्रत्येक बदल आग लागणे सोपे करतो किंवा बाहेर पडणे अवघड. बसबॉडीसाठी एआयएस-०५२ आणि स्लीपरसाठी एआयएस-११९ ही मानके आहेत ती याचसाठी.

लग्नसराईत आणि जयंत्यांमध्ये फिरणाऱ्या डीजेच्या गाड्यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. मालवाहू पिकअपच्या हौद्याबाहेर दोन्ही बाजूंना सांगाडा काढून त्यावर स्पीकरची भिंत आणि मागे जनरेटर. आरसीवरची मापे आणि गाडीची मापे यांचा संबंधच उरत नाही. कायम जोडलेला सांगाडा घेऊन अशी गाडी पास होऊच शकत नाही, आणि म्हणूनच तो नटबोल्टवर बसवलेला असतो.

बदल करूच नये असा याचा अर्थ नाही. रीतसर वाट आहे आणि ती फार खडतर नाही. सीएनजी किट बसवायचे तर ते त्या मॉडेलसाठी मंजूर झालेले हवे, अधिकृत केंद्रात बसवलेले हवे, आणि आरसीवर इंधनाचा बदल नोंदलेला हवा. टाकीची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि तिची तारीख तपासणीत पाहिली जाते. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करण्याची सोय तर कलम ५२ मध्ये खास ठेवली आहे, आणि २०२० पासून नोंदणीत मालकीचा प्रकार म्हणून दिव्यांग अशी स्वतंत्र नोंद होते. स्कूटरला दोन जादा चाके लावून गावोगाव हिंडणाऱ्या माणसाने ती नोंद करून घ्यावी, म्हणजे त्याची गाडी कुणी अडवणार नाही आणि विम्याचाही प्रश्न येणार नाही.

विनापरवाना फेरफाराचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने वाढला. कलम १८२अ प्रमाणे प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चार बदल असतील तर हा आकडा २० हजारांवर जातो. माल बाजूने, मागून किंवा उंचीने बाहेर आला तर वेगळे २० हजार. पण मालकाला खरा फटका बसतो तो अपघातानंतर. वैध फिटनेस नसलेल्या वाहनाच्या दाव्यात विमा कंपनी हात वर करते. अनेकदा न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमींना किंवा वारसांना भरपाई द्यायला लावते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देते. अशी वसुली एका हंगामाच्या कमाईतून फिटत नाही, जमिनीवर येते.

या सगळ्यात एक बदल मात्र असा आहे जो कायदाच करायला सांगतो आणि तोच सर्वांत जास्त टाळला जातो. रात्री रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी असलेली उसाची ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसत नाही. उसाचे शेंडे मागे लोंबत असतात, त्यात ट्रॉलीचा असलेला-नसलेला दिवाही झाकला जातो. मोटारसायकलवाला थेट उसावर आदळतो. पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल परावर्तक पट्टी लावायला वेल्डिंग लागत नाही, परवानगी लागत नाही आणि खर्च डिझेलच्या एका कॅनपेक्षा जास्त येत नाही.

युसूफ वडगावच्या किंवा कुठल्याही गावच्या ट्रॅक्टरमालकाने यंदा ट्रॉली वेल्डिंगच्या दुकानात नेण्याआधी तिची आरसी काढून त्यावर लिहिलेले वजन एकदा वाचावे, फाळके त्या वजनापुरतेच ठेवावेत, आणि पासिंगला लावलेले रेडियम हंगाम संपेपर्यंत ट्रॉलीवर राहू द्यावे. कारखान्यांनी आणि मुकादमांनीही मागचा दिवा आणि पट्टी नसलेली ट्रॉली गव्हाणीवर घेऊ नये.